नाखवा मॅडमची हजेरी

हे मी लिहावं की नाही, याबद्दल माझी अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलं असेल तर ते अर्ज, आणि तेही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले. मी वाचायला शिकल्यावर ते काम माझ्याकडे आलं. शाळेत असल्यापासून वाडीतल्या निम्म्या लोकांचे दाखले, उतारे, नळजोडण्या आणि तक्रारी माझ्याच अक्षरात गेल्या आहेत. त्यामुळे या लेखाची सुरुवातही मी सवयीने ‘विषय’ असं लिहून केली होती. ती खोडली. दुसऱ्या कागदावर हात आपोआप ‘वरील विषयास अनुसरून’ असं लिहून मोकळा झाला. तो कागद फाडला. हा तिसरा. यातही कुठे ‘आपला विश्वासू’ दिसला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या कॉलेजच्या अंकासाठी ‘न विसरता येणारे शिक्षक’ यावर लिहायचं आहे. बाकीच्यांनी जे शिक्षक निवडले ते सगळे अजून कॉलेजात आहेत, त्यांचे फोटोही ऑफिसात मिळतात. मी निवडलेल्या मॅडम आता इथे नाहीत. त्यांचा फोटो ऑफिसात नाही, कारण त्या कायम नव्हत्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांपुरत्या, आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. त्या स्वतः म्हणायच्या, “मी भाड्याची होडी. भरती आहे तोवर पाण्यात.”

नाखवा मॅडम आम्हाला नेटवर्किंग शिकवायच्या. उरणच्या कोळीवाड्यातल्या. घरात त्यांच्या वडिलांची बोट, भावाची बोट, आणि यांनी एम. एस्सी. केलेलं. बुटक्या, आवाज मात्र बंदराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायला बनवलेला. तो त्यांनी वर्गासाठी कधी लहान केला नाही. आमच्या बाजूच्या वर्गात अर्थशास्त्र चालायचं, आणि त्या मुलांना परीक्षेत राउटर म्हणजे काय ते लिहिता आलं असतं.

लॅबमधल्या सगळ्या तारा त्यांनी जाळ्याच्या दोऱ्याने बांधल्या होत्या. प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांना मान्य नव्हत्या. गाठी जाळं विणतात तशा. कॉलेजचा इलेक्ट्रिशियन एकदा तक्रार घेऊन आला, “मॅडम, या सुटत नाहीत.” मॅडम म्हणाल्या, “सुटायला बांधल्याच नाहीत, भाऊ.” डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी असायची. स्टाफरूममध्ये डबा उघडला की बाकीचे सर एकेक करून झेरॉक्स काढायला निघून जायचे. मग मॅडम टेबल प्रशस्त वापरायच्या.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे हजेरी.

आमच्या वर्गात अर्धे पाटील, उरलेल्यातले अर्धे म्हात्रे, मग घरत आणि ठाकूर. आडनावाने हाक मारली की चौघे उठायचे. म्हणून मॅडम गावाच्या नावाने हजेरी घ्यायच्या. “जासई!” “हजर.” “चिरनेर!” “हजर.” “केगाव मोठी!” “हजर.” “केगाव धाकटी!” “हजर मॅडम.” ऐकणाऱ्याला वाटावं एसटीचा कंडक्टर थांबे ओरडतोय.

पहिल्या दिवशी माझ्या नावाशी येऊन त्या थांबल्या.

“खरबाची वाडी. ही कुठं आली?”

मी उभा राहिलो. “माणगावकडं, मॅडम.”

“मग इकडं कसा?”

“मामाकडे राहतो. मामा ट्रेलर चालवतात, बंदरावर.”

“बरं. गावाला समुद्र?”

“नाही मॅडम.”

“नदी?”

“ओढा आहे. पावसाळ्यात.”

“मग मासे कुठले खाता?”

“सुकट. माणगावच्या बाजारातली.”

मॅडमच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख आलं. “अरेरे,” त्या म्हणाल्या. “माणगावच्या बाजारात सुकट म्हणून काय विकतात ते मला माहीत आहे. बस बाळा, बस.” सगळा वर्ग हसला. कॉलेजात माझ्याविषयी पहिल्यांदा काही बोललं गेलं ते हे.

हजेरीत कुणी ‘हजर’ म्हटलं नाही, तर बाकीचे शिक्षक एक खूण करून पुढे जातात. मॅडम पुढे जायच्या, पण आधी विचारायच्या, “का नाही?” कुणीतरी कारण सांगेपर्यंत नजर वर्गावर फिरत राहायची. “बहिणीची हळद, मॅडम.” “भाताची लावणी, मॅडम.” “बोटीवर गेलाय.” मग त्या नावापुढे ते कारण बारीक अक्षरात लिहायच्या आणि शिकवायला लागायच्या. ‘गैरहजर’ हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. म्हणायच्या, “गैरहजर म्हणजे मला काही माहीत नाही, असं लिहिणं. मग मी पगार कशाचा घेते?”

एकदा जासईचा सलग काही दिवस आला नाही आणि कारणही कुणाला सांगता येईना. मॅडम बेचैन. शेवटी कळलं, वडील आजारी म्हणून तो एका गोदामाच्या यार्डात कामाला लागलाय. मॅडम जेवणाच्या सुट्टीत तिथे गेल्या. आम्ही दोघेतिघे मागे, कारण रिक्षात जागा होती. वॉचमन आत सोडेना. “अंदर नहीं जा सकते, मॅडम. पास लगेगा.” मॅडम म्हणाल्या, “आत कोण जातंय?” आणि रस्त्यावर उभं राहून त्यांनी बंदरी आवाजात हाक दिली, “जासई!”

आतून, एका ट्रेलरच्या वरून, विचार करायच्या आधीच उत्तर आलं, “हजर!”

आमच्याबरोबर वॉचमनही हसला. मॅडमनी जासईला पुढे शनिवारचं प्रॅक्टिकल लावून दिलं आणि त्याचा अभ्यास सुटला नाही. पण त्या दिवसानंतर यार्डात त्याचं नाव जासईच पडलं.

आता मी माझ्याकडे येतो. या लेखात मला कमीत कमी जागा घ्यायची होती, पण गोंधळ मीच घातला असल्यामुळे इलाज नाही.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी आम्हाला एक खरं काम आणलं. मासळीच्या बंदरावर बर्फासाठी बोटींचे नंबर लागतात आणि त्या नंबरावरून रोज भांडणं होतात. मच्छीमारांच्या सोसायटीने एक कोपरा, एक लहान कॉम्प्युटर आणि भिंतीवर एक मोठा टीव्ही दिला होता. टीव्हीवर वाऱ्याची सूचना आणि बर्फाचे नंबर दिसायला हवेत, एवढंच. मॅडम आम्हाला लपवून काही सांगायच्या नाहीत, म्हणून हेही त्यांनीच सांगितलं, “यंदा कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती येणार. प्राचार्य सर म्हणालेत, या कामाचं समितीला काय वाटतं त्यावर माझे पुढच्या वर्षीचे तास ठरतील. तर पोरांनो, जरा नीट.”

या ‘जरा नीट’मधला सगळ्यात नाजूक भाग माझ्याकडे आला. कॉम्प्युटर सुरू झाला की माझ्या प्रोग्रॅमने त्याला जोडलेली प्रत्येक तार तपासायची, तिचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ठावठिकाणा, विचारायचा, चालू पत्ता निवडायचा आणि टीव्हीवर मजकूर दाखवणाऱ्या, त्याच्यामागच्या डबीला कळवायचं, ‘मी इथे आहे, इथून माहिती घे.’ लॅबमध्ये ते उत्तम चाललं. मी मामाला फोन करून सांगितलं की मी एक प्रोग्रॅम लिहिलाय आणि तो चालतो. मामा म्हणाले, “चालतोय ना? मग हात लावू नकोस.” हा सल्ला मी ऐकायला हवा होता.

बंदरावर पहिल्या चाचणीला पन्नासेक माणसं जमली होती. मी बटण दाबलं. टीव्ही काळा झाला आणि तळाशी इंग्रजीत एक ओळ आली.

टोपलीवर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “मास्तर, यो टीवी काय बोलतंय?”

“आजी, तो म्हणतोय... काही सापडलं नाही.”

“ते आमाला पन दिसतंय.”

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मास्तर म्हटलं होतं आणि ते असं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मॅडमनी बंदरावरचा तो कॉम्प्युटर आणून समोर ठेवला आणि त्याच्या सगळ्या तारांची हजेरी घेतली, वायफायही त्यांच्या हिशेबी तारच. अक्षरशः. स्क्रीनवरचं एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि मी उत्तर द्यायचं.

“भिंतीतली तार!”

“हजर. पत्ता आहे.”

“वायफाय!”

“हजर. पत्ता आहे.”

“आणि ही सगळ्यात वरची, लांब शेपटीच्या नावांची चार कोण?”

“माहीत नाही, मॅडम.”

“लॅबमधल्या मशीनवर होती?”

“नाही.”

“मग ही कुणाची पोरं?”

ती कंटेनरची होती. आमचे बंदरावरचे चार प्रोग्रॅम एकमेकांत पाय घालू नयेत म्हणून त्या मशीनवर प्रत्येकाला वेगळ्या बंद कप्प्यात ठेवलं होतं. अशा कप्प्यालाच कंटेनर म्हणतात. कप्पा सुरू झाला की मशीन त्याच्यासाठी आपोआप एक तार जोडतं. ती हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण यादीत खऱ्या तारांच्या बरोबरीने उभी राहते. फरक इतकाच की खऱ्या तारेला जुन्या पद्धतीचा, चार आकड्यांचा पत्ता असतो. या काल्पनिक तारेच्या आमच्या बाजूच्या टोकाला तो नव्हता. एखाद्या टोकाला फक्त नव्या पद्धतीचा लांबलचक पत्ता, एखाद्याला तोही नाही. त्यात बिघाड काही नाही, त्या तशाच असतात. माझा प्रोग्रॅम मात्र प्रत्येकीला म्हणत होता, ‘तुझ्या जुन्या पत्त्यांपैकी पहिला दे.’ जिच्याकडे एकही नाही ती काय देणार? तिथेच प्रोग्रॅम आडवा पडायचा आणि पुढच्या, पत्ता असलेल्या तारेपर्यंत पोचायचाच नाही.

रात्री जेवताना मी मामाला सांगितलं की कंटेनरमुळे अडलंय. मामाचे डोळे चमकले. “कंटेनर? अरे, आयुष्यभर तेच ओढतोय. मला विचार की!” मी समजावून सांगितलं, हा कप्पा दिसत नाही, त्याची तार दिसत नाही, आणि तिला पत्ताही नाही. मामा बराच वेळ भात कालवत राहिले. मग मामीला म्हणाले, “याला उद्यापासून दूध जास्त दे.”

आणि मग मी ते दुरुस्त केलं. म्हणजे मला तसं वाटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांचा एक अर्ज एकदा तहसील कचेरीतून परत आला होता, कारण त्यात एक रकाना मोकळा होता. त्या रकान्यात लिहिण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच. पण साहेब म्हणाले, मोकळा चालत नाही. दुसऱ्या खेपेला माणगावला जायचं म्हणजे कामाचा दिवस बुडणार. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला, रकाना मोकळा सोडायचा नाही. निरंक लिही, लागू नाही लिही, काहीच नाही तर शून्य लिही. मी वाडीभर याच नियमाने अर्ज भरले आणि माझा एकही अर्ज परत आला नाही. याचा मला अभिमान होता. अजून आहे, पण आता तो मी चारचौघांत सांगत नाही.

तर ज्या तारेला पत्ता नाही, तिथे मी पत्ता म्हणून चार शून्यं लिहिली. प्रोग्रॅम पडायचा थांबला. प्रोग्रॅम काढतो ती तारांची यादी भरलेली, सगळे रकाने भरलेले, दिसायला अतिशय सुंदर. मी प्रोग्रॅम आणि ती यादी पेनड्राइव्हवर घेतली आणि बंदरावर गेलो.

टीव्ही पुन्हा काळा. या वेळी तळाशी ओळही नाही.

“मास्तर,” त्याच आजी म्हणाल्या, “परवा निदान बोलत तरी होता.”

मॅडम तिथेच खाली बसल्या, मांडीवर लॅपटॉप घेऊन, शेजारी बर्फाचं पाणी वाहतंय. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. झालं होतं असं. माझ्या प्रोग्रॅमला शून्यवाला पत्ता आधी सापडला आणि त्याने तोच निवडून टीव्हीच्या डबीला कळवला. आणि चार शून्यं या पत्त्यावर जायला सांगितलं की ती डबी दुसरीकडे कुठे जात नाही, स्वतःकडेच वळते. टीव्ही सकाळपासून स्वतःलाच बर्फाचे नंबर विचारत बसला होता.

“ही शून्यं कुणी लिहिली?”

“मी, मॅडम.”

“का रे?”

“रकाना मोकळा होता.”

मला वाटलं आता त्या बंदरी आवाजात काहीतरी बोलणार आणि सगळ्या बोटी ऐकणार. पण त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. मग मी वडिलांच्या अर्जाचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. बहुतेक त्यांच्या ‘का?’ या शब्दाला कारण दिल्याशिवाय सुटका नसते म्हणून.

मॅडम म्हणाल्या, “तुझ्या बाबांचं बरोबर आहे. कचेरीत मोकळा चालत नाही. मशीनला खोटा चालत नाही. आता मला सांग, वर्गात एक पोर आलं नाही, तर मी वर्ग बंद करून घरी जाते का?”

“नाही मॅडम.”

“ही तुझी पहिली चूक. आणि आलं नाही त्याच्या जागी दुसऱ्याला ‘हजर’ म्हणायला लावते का?”

“नाही मॅडम.”

“ही दुसरी. मग काय करते मी?”

“का नाही ते विचारता. लिहिता. आणि पुढे जाता.”

“मग एवढं येतंय तुला! तुझ्या प्रोग्रॅमला शिकव.”

मी तेच लिहिलं. तारेला पत्ता आहे का ते आधी विचारायचं. नसेल तर रकाना मोकळा, शेजारी कारण: ‘कंटेनरची तार, जुना पत्ता नाही.’ आणि पुढच्या तारेकडे. सगळं मिळून चार ओळी. तिसऱ्या चाचणीला टीव्हीवर वारा दिसला, बर्फाचे नंबर दिसले, आणि मिनिटाभरात दोन नाखव्यांचं, म्हणजे बोटमालकांचं, कडकडून भांडण लागलं की याचा नंबर माझ्यावर कसा. मी घाबरलो. मॅडम कमरेवर हात ठेवून खूश. “भांडतायत म्हणजे वाचतायत,” त्या म्हणाल्या. आजींनी टोपलीतून मला दोन बांगडे काढून दिले. “घे मास्तर. आज बोलला तो.”

समिती आली त्या दिवशी लॅब धुऊन काढली होती. भिंतीवर आमची यादी मोठी करून लावली होती. वरच्या चार ओळींत पत्त्याचा रकाना मोकळा आणि खालच्या दोन ओळी भरलेल्या. समितीतल्या एका सरांनी चष्मा सारखा केला. “हे रकाने रिकामे का? काम अपूर्ण दिसतंय.”

मॅडमनी कारण सांगितलं. सर ऐकत होते, पण त्यांची नजर रिकाम्या रकान्यांवरून हलत नव्हती. ती नजर मला ओळखीची होती. माणगावच्या कचेरीतली. प्राचार्य सर मॅडमच्या मागे येऊन हळूच म्हणाले, “काहीतरी भरून टाका ना, मॅडम. दिसायला बरं.”

माझ्या खिशात तो पेनड्राइव्ह होता. शून्यं भरलेली, सुंदर यादी. मी मॅडमच्या जवळ सरकलो आणि पुटपुटलो, “मॅडम, भरलेलं आहे माझ्याकडे. लावू? फक्त दाखवायला.”

“खिशात ठेव,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या. “आणि पुन्हा बाहेर आला, तर समुद्रात टाकीन. आधी तुला, मग त्याला.”

मग समितीकडे वळून, अगदी मऊ आवाजात, “सर, जिथे नाही तिथे नाही असंच दाखवलंय. बंदरावर चालू आहे. या ना बघायला, बांगडे ताजे आहेत.”

समितीला पुढे दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं.

अहवालात आमच्या कामाविषयी ‘अर्धवट’ असा शब्द आला. जून उजाडला आणि मॅडमना तास मिळाले नाहीत. काही जण म्हणतात, मुलं कमी झाली होती, तास कमी होणारच होते, अहवाल नुसता निमित्ताला. असेल. पण मी त्यानंतर बरेच दिवस हिशेब मांडत बसायचो, की ते चार रकाने भरले असते तर. माझी गंमत अशी की मशीनच्या बाबतीत मी चुकलो होतो आणि माणसांच्या बाबतीत माझंच खरं निघालं होतं. बरोबर ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते करंज्याच्या धक्क्यावर. पलीकडे रेवसला उतरून पुढे कुठल्याशा मुलाखतीला निघाल्या होत्या. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. “झाली तर कळेल, नाही झाली तर कळून काय करणार?” आम्ही सात-आठ जण पोचवायला गेलो होतो. कुणी फुलं आणली होती. मी काय न्यावं ते न सुचून एक वही आणि पेन नेलं होतं, म्हणजे मॅडमना, ज्यांच्याकडे पेनांचा खच असायचा. त्यांनी ते घेतलं, पेन उघडून हातावर रेघ ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “चालतंय.”

लाँच सुटली. मध्ये थोडं पाणी आल्यावर त्या कठड्याशी आल्या आणि तिथून हाक आली, “जासई!”

“हजर!”

“चिरनेर!”

“हजर!”

धक्क्यावरचे लोक वळून बघायला लागले. एकेक नाव येत होतं. “खरबाची वाडी!” मी ओरडलो, पण माझा आवाज वर्गातच जेमतेम पोचायचा, पाण्यावरून काय पोचणार. मॅडमनी कानामागे हात धरला. लाँचच्या इंजिनाचा आवाज वाढला होता. त्यांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही. मग फक्त पांढरी ओढणी दिसत राहिली, आणि नंतर तीही नाही.

त्यानंतर त्यांचा फोन लागेना. नंबर बदलला असावा. कोळीवाड्यात विचारलं तर भाऊ बोटीवर आणि वडिलांना कमी ऐकू येतं. मॅडमचा नवा नंबर विचारला की ते मला दर वेळी बर्फाचा नंबर सांगायचे. लॅबमध्ये त्यांच्या जागी नवीन सर आले. चांगले आहेत, रोल नंबरने हजेरी घेतात. त्यांनी तारा बदलायच्या म्हणून जाळ्याच्या गाठी सोडवायला घेतल्या. अजून तशाच आहेत.

हा लेख मी इथेच संपवणार होतो. शेवटी काय लिहावं हे सुचत नव्हतं, कारण मॅडमचं पुढे काय झालं हेच मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही तिथे काहीतरी भरून टाकायची माझी सवय त्यांनीच मोडली होती. पण परवा आईचा फोन आला. आई माणगावच्या बाजारात वाल आणि भाजी घेऊन बसते.

“अरं, आज येक बाई आली व्हती,” आई म्हणाली. “बुटकी. शेजारच्या सुकटवाल्याशी भांडली. सुकट हुंगली न म्हनली, ही सुकट हाय का भुसा? त्यो म्हनला, घ्यायची तर घ्या. ती म्हनली, फुकट दिलीस तरी मांजराला घालनार न्हाय. समदा बाजार गोळा झाला.”

मी उठून बसलो. “आई, मग?”

“मग माज्याकडं वळली. वाल बघितलं. म्हनली, कुठल्या गावच्या तुमी? मी म्हनलं, खरबाची वाडी. तर उभीच राहिली की. तुजं नाव घेतलं न. म्हनली, त्याची आई का? मी त्याची मॅडम.”

“काय म्हणाल्या?”

“म्हनली, वर्गात पोरांना तुजी गोष्ट सांगते. दर वर्षी सांगनार. येवढं काय केलंस रं तू?”

“एक चूक केली होती, आई.”

“हां, आसंल. ती म्हनली, त्याला इचारा, आता रकानं मोकळं सोडतो का? मी म्हनलं, बाई, आमच्या घरात कोन रकाना मोकळा सोडत न्हाय, आमचा पोरगा तर न्हायच न्हाय! तर इतकी हसली, इतकी हसली, डोळ्यातून पानी आलं तिच्या. समदं वाल तिनंच नेलं.”

“आई, पण त्या बाजारात कशा? वर्ग कुठला? त्यांची नोकरी?”

“ती व्हय? सांगितलं की. हितंच, माणगावात कालेजात हाय. कायम झाली म्हनली या महिन्यात. आता हलायची न्हाय.” आईने श्वास घेतला. “त्ये जाऊ दे. तुला वाल पाठवू का मामाकडं? चांगलं हाय या खेपंला.”

फोनमध्ये बाजाराचा आवाज येत होता, कुणीतरी भाव विचारत होतं.

“अरं, ऐकतोस का? हायस ना तिकडं?”

“हाय,” मी म्हणालो.